तिसऱ्या रांगेतला माणूस

“माणूस आहे त्यापेक्षा जरासा बरा दिसला, तर कुणाच्या बापाचं काय जातं?”

टचिंगमास्तर हे एकदा स्टुडिओच्या मालकाला म्हणाले होते. मालक तेव्हा एका गिऱ्हाइकाचे ओळखपत्राचे फोटो हातात नाचवत उभा होता. त्या गिऱ्हाइकाच्या तोंडभर देवीचे व्रण होते आणि मास्तरांनी दुपारभर निगेटिव्हवर वाकून ते सगळे बुजवून टाकले होते. कचेरीनं ‘हे तुम्ही नव्हे’ म्हणून माणसाला परत पाठवलं. मालकानं चडफडत नवे फोटो काढून दिले. पण जुने फोटो तो माणूस परत द्यायला तयार होईना. ते त्यानं कोटाच्या आतल्या खिशात सरकवले आणि जाताना मास्तरांकडं असं पाहिलं, की मालकाची पुढची शिवी तोंडातच राहिली.

मास्तर ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत आणि ऐकणारे हसत. त्यांची बायकोही हसायची, पण तिला मनातून कचेरीचं म्हणणं पटलेलं असायचं. तिचा सगळा जन्म नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या खिडकीत गेला होता. आळीतले लोक तिला पाणीबाई म्हणत. निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी म्हणत, आणि नळाला पाणी आलं नाही की अजून तिच्याकडंच बघत. कागदावर एक आणि समोर दुसरंच असलं, तर खिडकीतल्या माणसाला काय होतं, ते पाणीबाईंना ठाऊक होतं. दया वगैरे नंतर येते. आधी तो कागद बोटाला खुपतो.

मास्तर तरुणपणी दुसऱ्या देशातून इथं आले ते एका ओळखीच्या चिठ्ठीवर, स्टुडिओत टचिंग करायला. स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांचं डेस्क होतं. तिरक्या फळीत काचेची चौकट, खाली आरसा, आरशातून वर येणारा खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडावर ठेवलेली उलटी, काळी-पांढरी माणसं. पेन्सिलीचं शिसं ते पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करीत आणि एक डोळा मिटून सुरकुत्यांमध्ये बारीक बारीक ठिपके भरत. निगेटिव्हवर काळं भरलं की छापल्यावर ते उजळ येतं. डोळ्यांखालची वर्तुळं जात, कपाळावरच्या आठ्या जात, नवऱ्यामुलीच्या गालावरचा फोड जाई. बोलतानाही त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर ठरत नसे. एखाद्या चामखिळीवर, ओठाच्या कोपऱ्यावर अडकून राही. लोकांना वाटे, मास्तर आपल्याला न्याहाळताहेत. ते न्याहाळत नसत, दुरुस्त करीत असत.

लग्न झालं तेव्हा पाणीबाईंच्या आईनं दाराला कडी घातली, ती बरीच वर्षं काढली नाही. ‘परका’ एवढा एकच शब्द तिनं जावयासाठी राखून ठेवला होता. मूलबाळ झालं नाही. दोघं दोन खोल्यांत राहिली. सकाळी एक पाण्याच्या खिडकीत जाई, दुसरा उजेडाच्या. संध्याकाळी दोघांचेही डोळे लाल झालेले असत.

“तुम्ही नागरिकत्वाचा अर्ज कधी करणार?” पाणीबाई विचारत.

“मला काय निवडणुकीला उभं राहायचंय?” मास्तर म्हणत. “काम आहे, कामाचा परवाना आहे. आणि तू आहेस. बघू पुढं.”

पुढं कॉम्प्युटर आला. नवा मुलगा एक कळ दाबून अख्खा चेहरा गुळगुळीत करू लागला. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच गाल मिळाले. मास्तरांचं डेस्क माळ्यावर गेलं आणि मास्तर पासपोर्ट फोटोच्या स्टुलामागं ‘हनुवटी जरा वर’ म्हणायला उभे राहिले. मग तेही नको झालं. निवृत्तीबरोबर कामाचा परवाना संपला आणि नवा आला, ‘नागरिकाचा पती’ म्हणून. तो दरवर्षी बायकोच्या नावावर वाढवून घ्यायचा.

“आता तुम्ही माझ्या नावावर आहात,” पाणीबाई चेष्टेनं म्हणाल्या. “नळासारखे. नीट वाहा, नाहीतर जोडणी तोडीन.”

मास्तरही हसले होते. घरात हसण्याचे दिवस अजून होते तेव्हा.

मग डॉक्टरांनी पडद्यावर पाणीबाईंना त्यांचं हृदय दाखवलं. करड्या अंधारात एक झडप दमल्यासारखी उघडमीट करीत होती. या वयात कापाकापी नको, म्हणाले. जपून राहा. जपून म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि पाणीबाईंनी विचारलं नाही. दवाखान्यातून त्या घरी न येता थेट परवान्याच्या कचेरीत गेल्या आणि खिडकीतल्या माणसाला एकच प्रश्न विचारला.

“नागरिक बायकोच नसली तर?”

“तर परवाना संपतो, आजी,” तो म्हणाला. चांगला मुलगा होता, मान वर करून बोलला. “अर्ज करून ठेवा. बायको हयात असताना निकाल लागला तर आजोबा कायमचे इथले. नंतर मात्र काही नाही.”

घरी येऊन त्यांनी चपला काढता काढताच नवऱ्याला सांगितलं, “मी आधी जाणार आहे. मागं तुम्हाला इथं राहू देणार नाहीत. परत कुठं जाणार ते सांगा.”

“तुझं आपलं काहीतरीच,” मास्तर म्हणाले.

“कुठं जाणार ते सांगा.”

मास्तरांनी खूप वेळ विचार केला. तिकडं त्यांची एक बहीण होती, ती गेली. घराच्या जागी आता बसगाड्या उभ्या राहतात, असं कुणीतरी मागं कळवलं होतं. शेवटी ते म्हणाले, “चहा टाकू का?”

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर जेवण बंद झालं. तिथं कागद मांडले गेले. दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली आणि मधल्या टेबलाकडं आजाऱ्याच्या खाटेकडं बघावं तशी बघू लागली. लग्नाचा दाखला होता. बाकी काही नव्हतं. म्हणजे कागद ढीगभर होते, पण त्यावर मास्तर नव्हते. घरभाडं, वीज, बँक, दवाखाना, सगळं पाणीबाईंच्या नावावर. हे त्यांनीच केलेलं होतं. परक्या माणसाचं नाव घातलं की प्रत्येक खिडकीवर एक जादा रकाना, एक जादा खेप. तो ताप नको म्हणून त्या वर्षानुवर्षं आपलंच नाव लिहीत आल्या. नवऱ्याचा त्रास वाचवता वाचवता त्यांनी घरातून नवराच पुसून टाकला होता. तसा तर मास्तरांनीही कुणाचा फोड पुसला नसेल.

“एकत्र राहिल्याचा पुरावा पाहिजे,” कचेरीतून सांगण्यात आलं. “कागदावर नाव नसेल तर निरनिराळ्या काळातले दोघांचे फोटो द्या, नातेवाइकांसोबतचे असतील तर उत्तम. आणि जवळच्या एका नातेवाइकाचा जबाब.”

“फोटो!” मास्तर घरी येताना रस्त्यातच म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. “बाकी काही मागितलं असतं तर अडचण होती. फोटो म्हणजे आपल्या घरचं काम.”

पाणीबाईंनी तेव्हाच थांबायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला थांबून, त्यांचा हात धरून, जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलायला हवं होतं. पण चढ होता, धाप लागली होती, आणि फार दिवसांनी नवरा पुढं पुढं चालत होता.

फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो. मास्तरांच्या घरात डबे भरून फोटो होते. तळ्याकाठची पाणीबाई, बागेतल्या बाकावरची पाणीबाई, पुढं आईचा राग उतरल्यावर आईच्या खुर्चीमागं उभी असलेली पाणीबाई. प्रत्येक वेळी मास्तर कॅमेऱ्यामागं. हे त्यांना सोसलं नाही. कधी सुरुवात केली कोण जाणे, पण स्टुडिओत गिऱ्हाईक नसलं की ते टायमर लावून पडद्यापुढं उभे राहत. त्या त्या फोटोत ऊन ज्या बाजूनं असेल त्या बाजूला दिवा ठेवत. मग स्वतःला छापत, बारीक कात्रीनं कापत, कापलेली कड मागून पॉलिश पेपरनं घासून घासून सिगारेटच्या कागदाइतकी पातळ करीत. फोटोवर चिकटवत, कडेवरून ब्रशनं रंगाचे टिंब देत, आणि त्या सगळ्याचाच पुन्हा फोटो काढत. नवीन निगेटिव्ह, नवीन फोटो. तळ्याकाठी आता दोघं असत.

“उजेड चुकला की माणूस उपरा दिसतो,” ते म्हणत. “बाकी काही चुकलं तरी चालतं.”

त्यांचा उजेड कधीच चुकला नाही.

पाणीबाईंनी त्याला कधी खोटं म्हटलं नाही. ते तिथं होतेच की. त्यांचं ‘हलू नकोस’ अजून कानात होतं. जे होतं तेच मास्तरांनी कागदावर आणलं होतं. एक फोटो मात्र तसा नव्हता.

तो भिंतीवर होता. पाणीबाईंच्या धाकट्या भावाच्या लग्नाचा, मोठा केलेला, चौकटीतला. त्या लग्नाला आईनं निरोप धाडला होता, ‘तू ये. एकटी ये.’ पाणीबाई गेल्या. मास्तरांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं आणि ते माघारी फिरले. पाणीबाई परत आल्यावर त्यांनी लग्नाचं सगळं विचारून घेतलं. कोण आलं होतं, कोण रुसलं, दिवे गेले तेव्हा काय गोंधळ झाला. पाणीबाईंनी भरभरून सांगितलं. तेवढं तरी द्यावं म्हणून सांगितलं.

आई गेल्यावर भावाचं येणंजाणं वाढलं. त्यानं लग्नाचा सगळ्यांचा एकत्र फोटो मोठा करायला मास्तरांकडं दिला. मास्तरांनी मूळ फोटो परत केला, भावाला एक मोठी प्रत दिली, आणि एक आपल्या भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी काच पुसताना पाणीबाईंना त्यात एक जादा माणूस दिसला. तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला, मामांच्या खांद्यामागं, पडद्यापुढं. करडा कोट. अर्धा झाकलेला. हातात कला होती, पहिल्या रांगेत आईशेजारी बसवून घेता आलं असतं. पण मास्तरांनी स्वतःला बोलावलं तेही मागच्या रांगेत, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेतानं.

पाणीबाईंनी काच पुसली. फडकं पिळून वाळत टाकलं. त्या दिवशी बोलल्या नाहीत, म्हणून पुढंही बोलता आलं नाही. काही वर्षांनी मास्तर त्या लग्नाच्या गोष्टी सांगू लागले. दिवे गेले तेव्हा आपण कसे उभे होतो, मामा काय म्हणाले. आधी पाणीबाईंच्या अंगावर काटा यायचा. नंतर सवय झाली. कोण कुणाचं मन राखतंय, हेही पुढं कळेनासं झालं.

आता मास्तरांनी टेबलावर फोटो लावले, सालवार, एकाखाली एक. मग खुर्चीवर चढून भिंतीवरची चौकट उतरवली.

“तो राहू द्या भिंतीवर,” पाणीबाई म्हणाल्या.

“का?”

“भिंत बोडकी दिसेल.”

“अगं, हाच तर हुकमाचा एक्का! तुझं सगळं माहेर आहे यात. मामा, मावशी, तुझी आई. माहेरच्यांनी जावई मानला, हे दुसऱ्या कशातनं दिसणार?”

“मोठा आहे फार. फायलीत मावणार नाही.”

“छोटी प्रत काढून देतो की. तू पण ना.” त्यांनी चौकटीच्या मागचे खिळे उचकटायला सुरुवात केली. खिळे काढताना त्यांचा चेहरा कामावरच्या मास्तरांचा होता, एक डोळा मिटलेला. भिंतीवर चौकटीएवढा उजळ चौकोन राहिला होता.

पाणीबाईंच्या जिभेवर दोन शब्द होते, ‘तुम्ही नव्हतात.’ ते म्हटले असते तर फोटो राहिला असता. पण त्या चेहऱ्याचं काय झालं असतं, ते त्यांना बघवलं नसतं. त्या उठून आत गेल्या आणि उगाच भांडी इकडची तिकडं लावत राहिल्या. आणि मनाशी म्हणाल्या, कोण बघतंय? खिडकीत बसून जन्म काढलेली बाई स्वतःशी म्हणाली, कोण बघतंय.

जबाब द्यायला भाऊ आला. त्याचं बॅटरीचं दुकान होतं, बोटं कायम काळी. येतानाच ओरडत आला, “भाऊजी, इतकी वर्षं फुकट राहिलात, आता कायमचे घुसणार म्हणे!”

“तुझ्या ताईनं ठेवून घेतलं तर,” मास्तर म्हणाले.

“ताई काय, ताईनं मोडके नळसुद्धा ठेवून घेतलेत. काय लिहायचं ते सांगा. हा माणूस घोरतो हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.”

“तू राहिलास कधी इथं माझं घोरणं ऐकायला?”

“आळीच्या तोंडाशी ऐकू येतं भाऊजी, राहावं कशाला लागतंय?”

तिघं हसले. मग भावानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत जबाब लिहिला. पाणीबाईंनी चष्मा लावून वाचला. ‘माझे मेहुणे माझ्या बहिणीसोबत अखंड राहत आहेत. आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला ते हजर होते. माझ्या लग्नातही ते होते.’

त्यांनी मान वर केली. “हे रे कशाला?”

“काय?”

“लग्नाचं.”

“होते की! दिवे गेले तेव्हा भाऊजींनीच तर फ्यूज बघितला. भाऊजी, तुम्हीच ना?”

“मी नुसता उभा होतो,” मास्तर विनयानं म्हणाले. “फ्यूज मामांनी बघितला.”

भाऊ चेष्टा करीत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. ज्याच्या लग्नातून माणूस वगळला होता, तो वगळणं विसरून गेला होता. वगळलेलाही विसरला होता. साऱ्या जगात ती गोष्ट आता एका दमलेल्या झडपेमागं शिल्लक होती. पाणीबाईंनी कागद घडी करून पाकिटात घातला.

चौकशीला दोघांना बोलावणं आलं ते थंडी सरता सरता. खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. चौकशी करणारी मुलगी तरुण होती, नुकती लागलेली. पाणीबाईंना जिने चढून धाप लागली होती. तिनं उठून पाणी आणून दिलं आणि त्या दम खाईपर्यंत कागद चाळण्याचं नाटक केलं. चांगल्या घरची आहे, पाणीबाईंच्या मनात आलं.

तिनं साधे प्रश्न विचारले. घरात आधी कोण उठतं. भांडणं कशावरून होतात.

“चष्म्यावरून,” मास्तर म्हणाले. “ही माझा लावते आणि नंबर वाढला म्हणून रडते.”

मुलगी हसली. मास्तर खुलले. मग तिनं तो लग्नाचा फोटो पुढं ठेवला.

“हे लग्न कुणाचं?”

“माझ्या मेहुण्याचं. हा मी, इथं मागं. हे मामा. गंमत म्हणजे फोटो काढायच्या जरा आधी दिवे गेले होते...” मास्तर सांगत राहिले. नवरीची बहीण कशी किंचाळली, मामा स्टुलावर कसे चढले. त्यात एक शब्द अडखळला नाही.

मुलीनं ऐकून घेतलं. मग फायलीतून दुसरा फोटो काढून पहिल्याशेजारी ठेवला. तो जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या, मागं काळ्या बोटांचे ठसे.

“हा तुमच्या मेहुण्यांनी जबाबासोबत स्वतः आणून दिला,” ती म्हणाली. “त्यांना वाटलं, एकाऐवजी दोन असलेले बरे.”

दोन्ही फोटोंत तेच पडदे होते. त्याच रांगा. आई त्याच खुर्चीत, ओठ मिटून. जुन्या फोटोत तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाला मामांच्या खांद्यामागं नुसता पडदा होता. त्याची एक चुणी खाली सरळ उतरली होती.

भावानं इतकी वर्षं ताईच्या भिंतीवरच्या फोटोकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं, हे पाणीबाईंना त्या क्षणी कळलं. पाहिलं असतं तर दुसरा आणला नसता.

मास्तर दोन्ही फोटोंवर वाकले. एक डोळा मिटला. त्यांचं बोट जुन्या फोटोतल्या पडद्यावर फिरलं, कुणी आपल्याला तिथून खरवडून काढलंय का ते तपासावं तसं.

“यात टचिंग केलंय कुणीतरी,” ते हळूच म्हणाले.

मुलगी पाणीबाईंकडं वळली. “आजी, तुम्ही नागरिक आहात. तुमचा जबाब शपथेवर आहे. आजोबा या लग्नाला होते का?”

बाहेर कुठंतरी नळ गळत होता. ‘होते’ म्हणणं सोपं होतं. पण समोर दोन कागद होते, एकावर माणूस, एकावर पडदा, आणि पलीकडं खिडकीतल्यासारखी बसलेली ती मुलगी. त्या जागी आपण असतो तर ‘होते’ ऐकून काय लिहिलं असतं, ते पाणीबाईंना माहीत होतं. नवराबायको मिळून फसवतात, असं लिहिलं असतं. खरं सांगितलं तर निदान लग्न तरी खरं ठरेल. असा त्यांनी हिशेब केला.

“नव्हते,” त्या म्हणाल्या. “त्यांना बोलावलं नव्हतं. आईनं मला एकटीला बोलावलं. यांनी मला कोपऱ्यापर्यंत सोडलं. नंतर पुष्कळ वर्षांनी यांनी स्वतःला त्यात लावलं. फसवायला नाही, पोरी. अर्जबिर्ज तेव्हा मनातही नव्हता. घरात लावायला केलं. बाकीच्या फोटोंतही लावलंय, पण तिथं ते होते, कॅमेऱ्यामागं होते. हे एवढंच...”

त्या शेजारी बघत नव्हत्या.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

मुलीनं पेन खाली ठेवलं. तिचं तोंड उतरलं होतं. “आजी, अर्जाखाली लिहिलंय की सगळे पुरावे मूळ आहेत, त्यात फेरफार केलेला नाही. त्यावर आजोबांची सही आहे.”

“वाचून दाखवू नकोस. मीही खिडकीत होते.”

“मी हे असंच पुढं पाठवलं तर फसवणूक म्हणून अर्ज नामंजूर होईल. पुन्हा करायला बंदी येते, काही वर्षांची.” तिनं अर्जाला जोडलेला पाणीबाईंच्या डॉक्टरांचा कागद नकळत दुसऱ्या कागदाखाली सरकवला. “काही वर्षं...” ती थांबली. “एक करता येईल. आजोबांनी आत्ता, इथं, स्वतःच्या हातानं लिहून द्यावं की हा फोटो खरा नाही, आपण त्या लग्नाला नव्हतो, आणि अर्ज मागं घेतोय. मग बंदी लागत नाही. नवा अर्ज करता येतो. दुसरे पुरावे शोधू, शेजाऱ्यांचे जबाब घेऊ. मी सांगेन काय काय लागतं ते. वेळ लागेल, पण वाट बंद होणार नाही.”

तिनं कोरा कागद मास्तरांपुढं ठेवला. त्यावर आपलं पेन ठेवलं, टोपण काढून.

“दोनच ओळी आहेत आजोबा. मी सांगते तसं लिहा. ‘मी त्या लग्नाला हजर नव्हतो.’ एवढंच.”

आता पाणीबाईंनी वळून पाहिलं. मास्तर त्यांच्याकडंच बघत होते. कपाळाकडं नाही, ओठाच्या कोपऱ्याकडं नाही. सरळ डोळ्यांत बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी पाहिलं होतं का, ते पाणीबाईंना आठवेना. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कुणीतरी दार उघडावं, आत माणसं असावीत, आणि आपण चुकून या घरी आलो हे उघडणाऱ्याच्या तोंडावर वाचायला मिळावं, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

“लिहा हो,” त्या म्हणाल्या. “काय होतंय लिहायला? ती वेळ गेली, ती माणसं गेली. आई गेली. कुणाला वाईट वाटायचं राहिलंय आता?”

मास्तरांनी पेन उचललं. हात अजून स्थिर होता, सुईच्या टोकावर जन्म काढलेला हात. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक बारीक टिंब दिलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग थांबले.

“अहो,” पाणीबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी लिहा. मला बघून तरी जाऊ द्या, तुमचं काहीतरी मार्गी लागलेलं.” बोलता बोलता त्यांचा दम तुटला. मुलगी पाण्याचा पेला पुढं करायला अर्धी उठली.

मास्तरांनी कागद त्या दोन टिंबांवरच सोडून पेनला टोपण लावलं आणि ते मुलीच्या बाजूला, तिच्या हाताशी लागेल असं ठेवलं. उठले. खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सारली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट हातावर घेतला, टेबलाला वळसा घातला, बायकोच्या मागून गेले आणि दार ओढून घेऊन बाहेर पडले.